कोजागरीला येणारे पाहुणे, दोन मुले आणि हैदराबादचे थीम पार्क : बेत जमेल का?

मांजराकाठ (लातूर) यांचा प्रश्न

यजमानांचे महाविद्यालयापासूनचे मित्र, ज्यांना आम्ही सगळे भाऊजीच म्हणतो, यंदा कोजागरीला रत्नागिरीहून आमच्याकडे येत आहेत. शुक्रवारी संध्याकाळी पोचतील आणि सोमवारी रात्री परत निघतील. ते एकटेच येणार आहेत. घरात आम्ही दोघे, बारा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. मुलांनी घटस्थापनेपासून थीम पार्कचा धोशा लावला आहे, आणि भाऊजींनी फोनवर ‘जाऊ की मग’ असे म्हटल्यामुळे आता ते वचनच होऊन बसले आहे.

खोपोलीजवळचे इमॅजिका आम्हाला सुमारे चारशे किलोमीटर पडते आणि हैदराबादचे वंडरला तीनशेच्या आसपास, म्हणून हैदराबाद ठरवले. बेत असा आहे की शुक्रवारी रात्री गच्चीवर कोजागरीचे दूध घ्यायचे, शनिवारी पहाटे चारला गाडी काढायची, अकराच्या सुमारास उद्यान उघडते तेव्हा दारात हजर राहायचे, दिवसभर खेळून रात्री निघायचे आणि रविवारी उजाडता घरी यायचे. सोयाबीनची रास अजून व्हायची आहे, ताडपत्री टाकून गंजी झाकलेली आहे आणि परतीच्या पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे यजमान रविवारी शेतात हवेत. सासूबाई ‘मी येते, बसून बघेन’ म्हणतात. हा बेत जमण्यासारखा आहे का? अनुभव असलेल्यांनी कृपया स्पष्ट लिहावे.

उदगीरचा वाटसरू

ताई, आपला किलोमीटरचा हिशेब बरोबर आहे, तासांचा चुकला आहे. दूध आटवून, चंद्राला दाखवून, पेले धुऊन आडवे होईपर्यंत बारा वाजून जातात; चारला उठलेला माणूस सकाळी गाडी नीट चालवील, पण त्याच माणसाने दिवसभर उन्हात रांगा लावून रात्री पुन्हा तीनशे किलोमीटर यावे, ही अपेक्षा मला धोक्याची वाटते. बीदर सोडून आपल्या बाजूला आले की या दिवसांत मळणी यंत्रे ओढणारे ट्रॅक्टर आणि मोंढ्याकडे निघालेल्या सोयाबीनच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि त्यांतल्या कित्येकांना मागे ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर. मी हा रस्ता महिन्यातून दोनदा करतो, तरी रात्री करीत नाही.

त्यापेक्षा शनिवारी नाश्ता करून नऊला निघा. उदगीरचा किल्ला वाटेतच आहे. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ती लढाई याच मुलखातली, आणि कोकणातल्या माणसाला जलदुर्गांनंतर हा भुईकोट पाहताना गंमत वाटेल. दुपारी बीदरला थांबा. तिथे किल्ल्याबरोबर महमूद गावानचा १४७२ चा मदरसा पाहा; त्याच्या मिनारावर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत. बिदरी कामाला काळा रंग येतो तो याच किल्ल्यातल्या मातीमुळे, असे कारागीर सांगतात. हे भाऊजींना दाखवण्यासारखे आहे. रात्री हैदराबादला मुक्काम, रविवारी उद्यान, पुन्हा मुक्काम आणि सोमवारी सकाळी निघून दुपारी घरी. उद्यान रविर्यालला, शहराच्या पार दुसऱ्या अंगाला आहे, म्हणून शहरात न शिरता आउटर रिंग रोडने फिरून जा आणि मुक्काम त्याच बाजूला घ्या.

रविवारी गर्दी असेलच. मात्र तेलंगणातल्या शाळांची मोठी सुट्टी बतुकम्मा आणि दसऱ्याची असते. कोजागरीपर्यंत ती बहुधा संपलेली असते, एवढाच काय तो दिलासा.

दोन मुलांची आई, नांदेड

ताई, रस्त्याचे उत्तर वर आले आहे. मी उंचीविषयी लिहिते, कारण आमची सहल तिथेच फसली होती. कोणत्या उद्यानात ते सांगत नाही, कारण असे नियम सगळीकडेच असतात आणि ते योग्यही आहेत. मोठ्या पाळण्यांच्या दाराशी मोजपट्टी रंगवलेली असते. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. पाऊण तास रांगेत उभे राहून आमची पाळी आली, तेव्हा तो पट्टीला पाठ लावून टाचा उचलून उभा राहिला. तिथल्या मुलाने हसत त्याच्या खांद्यावर हात ठेवला, टाचा खाली आल्या, आणि रेघ त्याच्या डोक्यावर चार बोटे राहिली. त्याची बहीण आत गेली आणि तो बाहेर माझा पदर धरून रडत बसला. पुढचा सगळा दिवस त्या चार बोटांनी खाल्ला.

म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही मुलांची उंची बूट काढून मोजा, उद्यानाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळापुढे दिलेली मर्यादा वाचा आणि धाकट्याला काय मिळणार नाही ते घरीच सांगून टाका. घरी ऐकलेला नकार मुले पचवतात. दोन मोठी माणसे असली की एकाने थोरलीबरोबर आणि दुसऱ्याने धाकट्याबरोबर राहावे, म्हणजे कोणी कोणाची वाट पाहत बसत नाही.

सासूबाईंना जरूर न्या, पण पाण्याच्या खेळांत साडी किंवा सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो, हे त्यांना आधी सांगा. बाहेरचे खाणेही आत नेऊ देत नाहीत. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत ठेवा, आत नेऊ नका. माझ्या सासूबाईंचा डबा दारावर अडवला तेव्हा त्यांना तो अपमान वाटला आणि दिवसभर त्या काही खायला तयार नव्हत्या.

निवृत्त विज्ञान शिक्षक, अंबाजोगाई

या सगळ्या चर्चेत पाहुण्यांना काय हवे आहे, हे कोणी विचारलेले दिसत नाही. चाळिशी-पन्नाशीतला भिडस्त माणूस मुलांच्या आग्रहाखातर रोलर कोस्टरमध्ये बसतो आणि दुसऱ्या दिवशी मान धरून झोपतो. माझ्या मेहुण्यांचे नेमके हेच झाले. पाठीचा, मानेचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी या खेळांत बसू नये, असे फलकावर लिहिलेले असते, पण रांगेत मुलांसमोर ते बोलून दाखवण्याची लाज वाटते. त्यामुळे यजमानांनी त्यांना एकट्याला आधीच विचारावे.

बसायचेच ठरले तर एक युक्ती सांगतो. रोलर कोस्टरच्या डब्यांना स्वतःचे इंजिन नसते. साखळी त्यांना पहिल्या उंच चढावर ओढून नेते आणि तिथून पुढे बहुतेक सगळे काम गुरुत्वाकर्षण करते. शेवटचा डबा शिखरावर येतो तेव्हा पुढचे डबे आधीच उतरत असतात, म्हणून मागच्या माणसाला खेचून फेकल्यासारखे होते आणि तो आसनावरून उचलला जातो. पुढच्या माणसाला समोरची दरी दिसते. ज्याला दोन्ही नको, त्याने मधल्या डब्यात बसावे. मुलीला मात्र मागे बसू द्या. पुस्तकातला धडा तिला एका मिनिटात कळेल.

विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे पाळणे थांबवतात. दुपारनंतर आभाळ भरून येण्याचे हे दिवस आहेत, तेव्हा मोठे पाळणे आधी उरकावेत.

बालाघाटचा

माझे मत वेगळे आहे. रत्नागिरीहून आलेल्या माणसाला काचेच्या आणि फायबरच्या गुहा कशाला दाखवायच्या? खरोशाची लेणी दाखवा, शेतात न्या, सीताफळे खायला घाला. बालाघाटच्या माळावर सध्या ती उकलायला लागली आहेत. मुलांचे काय, ती पुढच्या वर्षीही जातील.

उदगीरचा वाटसरू

सीताफळांबद्दल दुमत नाही. पण मुलांना शब्द गेलेला आहे, आणि ‘पुढच्या वर्षी’ म्हणजे काय, हे मुलांना आपल्यापेक्षा चांगले कळते. हैदराबाद आपल्याला परकेही नाही. १९५६ पर्यंत आपल्या भागातली माणसे हायकोर्टाच्या कामाला तिथेच जात होती. सासूबाईंना विचारून पाहा, माहेरच्या कोणाची तरी आठवण निघेल.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे आभार. यजमानांनी काल भाऊजींना फोन केला. त्यांना दोन वर्षांपासून कमरेचा त्रास आहे आणि तीन दिवस ते कसे सांगावे याच विचारात होते, असे त्यांनी हसत कबूल केले. आता यजमान मुलीबरोबर मोठ्या पाळण्यांत बसतील, मी धाकट्याबरोबर छोट्या खेळांकडे राहीन आणि भाऊजी सासूबाईंना सोबत करतील. त्यांना तेच जास्त आवडेल, असे दोघांच्याही बोलण्यावरून दिसते. सासूबाईंचे वडील खरोखरच जमिनीच्या दाव्यासाठी हैदराबादला जात असत, आणि येताना काचेच्या बांगड्या आणत असत. त्यामुळे सोमवारी निघण्यापूर्वी चारमिनारजवळच्या लाड बाजारात तासभर थांबायचे त्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे. वाटसरू दादा, तेवढ्यासाठी शहरात शिरावे लागेल, पण सकाळी लवकर गेलो तर जमेल असे वाटते.

रास गुरुवारी उरकायची असे मळणी यंत्रवाल्याशी बोलणे झाले आहे. सीताफळांची पाटी गाडीत राहील. धाकट्याला बूट काढून दाराच्या चौकटीशी उभे केले तर तो एकशे सतरा सेंटिमीटर भरला. त्याला कोणते खेळ मिळणार नाहीत ते वाचून दाखवले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग आजीच्या उंचीला कोणते चालतात, हे त्याने विचारले. तिकिटे आज रात्री काढते.