रेल्वे, बस की विमान? स्वतः गाडी न चालवता देशाची हद्द ओलांडल्याचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन पुण्याहून नेपाळला जायचं घाटतंय. आई ६८, बाबा ७६, बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि मी काय नवरा काय, दोघंही डोंगरात गाडी चालवणाऱ्यातले नाही, त्यामुळे आपली गाडी काढायचा प्रश्नच नाही. घरात दोन पार्ट्या पडल्यात. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, ते म्हणतात विमानात बघायचं काय, ढग? आई म्हणते दीड दिवस गाडीत बसा, गोरखपूरला उतरा, मग परत बस, त्यापेक्षा तुम्ही या मागून, मी विमानाने पुढे जाऊन काठमांडूत चहा ठेवते.

तिकिटं आणि वेळा नेटवर मिळतात हो. मला हवंय ते दुसरंच. हद्दीवर नेमकं काय होतं? उतरावं लागतं का, सगळं सामान घेऊन का, किती चालायचं, रात्रीचे किती वाजलेले असतात, संडासची सोय असते का. नेपाळच पाहिजे असं नाही, कुठल्याही देशाचं चालेल. लिहा प्लीज.

कोल्लापुरी
आम्ही २०१९ ला अकरा जण गेलेलो. कुर्ला टर्मिनसवरनं कुशीनगर एक्सप्रेस, गोरखपूरला उतरलो तर स्टेशनबाहेर जीपवाले "सोनौली सोनौली" करत अंगावरच येतात. सोनौली म्हणजे हद्दीवरचं आपलं शेवटचं गाव, शंभरेक किलोमीटर आहे, तीन तास धरा. जीप अलीकडंच सोडते, मग कमानीखालनं चालत पलीकडं. आम्हाला कोणी थांबवलंसुद्धा नाही, आमचा एक दोस्त कार्ड हातात धरून "दाखवू का, दाखवू का" करत गेला, बघायला कोण नाही. म्हणून कार्ड नेऊ नका असं नव्हे हां, मतदार कार्ड किंवा पासपोर्ट पाहिजेच, विमानाला तर नक्कीच. ६५ च्या वरच्या माणसाला आधार चालतं, ते २०१९ लाच झालं.

खरा घोळ पैशाचा झाला. तेव्हा तिकडं शंभरच्या वरची आपली नोट चालत नव्हती आणि ह्याच दोस्तानं पाचशेचं बंडल आणलेलं. सोनौलीतच शंभर-शंभरच्या करून घेतल्या, त्यात कमिशन गेलं ते गेलं. दुकानदार भाव सांगितला की विचारतो, आयसी की एनसी? म्हणजे आपला रुपया की त्यांचा. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशेसाठ, हे पक्कं डोक्यात ठेवा नाहीतर मोमोच्या प्लेटला दीडपट पैसे देऊन याल, मी दिलेत.

आणि पलीकडं भैरहवावरनं काठमांडूची रात्रीची बस. काकांना त्यात बसवू नका. बुटवल ते नारायणघाट रस्ता रुंद करायचं काम काढलेलं, सगळा उखडलेला, पावणेतीनशे किलोमीटरला आम्हाला तेरा तास लागले आणि सकाळी एकमेकांची तोंडं बघितली तर सगळे भंडारा खेळून आल्यासारखे, फक्त पिवळ्याच्या जागी पांढरी धूळ.

आडवाटेची
+१. आणि पावसाळ्यात तर अजिबात नको, नारायणघाटच्या पुढे मुग्लिनच्या पट्ट्यात दरडी येतात. बस घ्यायचीच असेल तर दिवसाची घ्या.

सिंगापुरी भेळ
नेपाळचं माहीत नाही पण हद्दीवर बस सोडून गेली की काय वाटतं ते मी सांगू शकते.

सिंगापूर ते क्वालालंपूर, बस पाच-सहा तासांची, विमान तासाभराचं. विमानतळावर जाणं-थांबणं धरलं तर फरक फार उरत नाही म्हणून बस घेतली, आई आलेली होती तिला रस्ताही दिसेल. तर वुडलँड्सला सगळे उतरा, सिंगापूरमधून बाहेर पडल्याचा शिक्का, परत बसमध्ये. पूल ओलांडला की जोहोर बाहरूला पुन्हा उतरा, आता सामानासकट, कारण मलेशियावाले बॅगा मशीनमधून घालतात. सरकते जिने, लांबच लांब हॉल, शुक्रवार संध्याकाळ, सगळं सिंगापूर वीकेंडला बाहेर पडलेलं. आईच्या बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात, भांडी घासून घासून गेलेत म्हणाली, तो ऑफिसर तिला टिश्यू देतोय, ती परत अंगठा दाबतेय. आम्ही खाली आलो तर आमच्या खांबापाशी दुसऱ्याच कंपनीची बस उभी. आमची गेलेली. तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे की ठरावीक वेळच थांबू. पाऊण तासाने त्याच कंपनीच्या पुढच्या बसमध्ये दोन सीट मिळाल्या, त्याही वेगवेगळ्या रांगेत.

आता आम्ही काय करतो, तर वुडलँड्सहून शटल ट्रेन. पाच मिनिटांची गाडी, पाच डॉलर, आणि दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी गाडीत बसायच्या आधी एकाच इमारतीत होऊन जाते. पलीकडे उतरलं की मोकळे, तुम्हाला सोडून जाणारं कोणी नाही. पुढची बस सवडीने जोहोरच्या टर्मिनलवरून घ्यायची. तिकीट मात्र महिनाभर आधी बघा, वीकेंडची पटकन संपतात. आपल्याला मलेशियाचा व्हिसा डिसेंबर २०२३ पासून लागत नाही पण ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, तीन दिवस आधीपासून भरता येतं. आणि आई-वडील टुरिस्ट म्हणून आलेले असतील तर त्यांचा सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघा, नाहीतर जाल पण परत कसे याल.

लंडनची पिशवी
आमचं उलटं झालं, जाताना शहाणपणा केला आणि येताना कंजूषपणा. पॅरिसला जाताना लंडनच्या सेंट पँक्रसहून युरोस्टार रेल्वे, सव्वादोन-अडीच तास, ब्रिटिश आणि फ्रेंच दोन्ही तपासण्या चढायच्या आधी स्टेशनातच, मग खाडीखालचा बोगदा आला कधी गेला कधी सासूबाईंना कळलंच नाही, त्या समुद्र दिसायची वाट बघत बसल्या होत्या. येताना तिकीट तिप्पट झालेलं म्हणून मिस्टरांनी रात्रीची बस काढली. फ्रान्सच्या कॅले बंदरात रात्री दोन वाजता दिवे लागले, उतरा, सगळ्या बॅगा घेऊन उतरा. बाहेर बोचरा वारा, पुढे पन्नास माणसांची रांग, मग परत बॅगा पोटात टाका, मग बस बोटीत, तर बोटीतही बसमध्ये बसू देत नाहीत, वर जायचं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्या लाल डब्यात झोपलेल्या माणसाला कोणी उठवत नाही." मिस्टर अजून हे वाक्य ऐकतात.

इसारकाठी
शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, हद्द नसते असं धरून चालू नका. मी म्युनिकला असतो. आई-बाबांना व्हेनिस दाखवून रेल्वेनं परत येत होतो, ब्रेनरमार्गे, हा रस्ता मात्र रेल्वेनंच करा, डोंगर असे खिडकीला येऊन टेकतात. कुफ्स्टाइन, म्हणजे ऑस्ट्रियाचं शेवटचं स्टेशन, ओलांडलं आणि डब्यात जर्मन पोलीस. पासपोर्ट कुठे, तर मोठ्या बॅगेत, आणि बॅग कुठे, तर डब्याच्या दुसऱ्या टोकाला वीस बॅगांखाली. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्याच जमिनीवरच्या हद्दींवर तपासणी सुरू केलीय, या बाजूला तर २०१५ पासूनच चालू आहे. पासपोर्ट अंगावर ठेवा, एवढंच. गाडी तास-सव्वातास लेट झाली, त्याचे तिकिटाच्या पंचवीस टक्के परत मिळाले. दोन तास लेट झाली असती तर निम्मे मिळाले असते, बाबा म्हणाले अजून थोडी थांबवायला हवी होती.

मेपलवडी
न्यूयॉर्क-टोरांटो रेल्वे केलीय एकदा. अख्खा दिवस जातो, बारा तासांच्या वर. अल्बनीपर्यंत डावीकडची खिडकी धरा, हडसन नदी सोबत चालते. नायगारा फॉल्सला कॅनडात शिरल्यावर सगळं सामान घेऊन खाली. माझ्याकडे डिंकाचे लाडू. ऑफिसरने विचारलं गम म्हणजे काय, चघळायचा का. मी म्हटलं नाही, बाळंतिणीचा. त्याने डबा परत दिला.

पद्मापार
कामानिमित्त ढाक्याला जायचो. कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस २००८ ला सुरू झाली तेव्हा आपल्याकडच्या गेदे स्टेशनात आणि पलीकडे बांगलादेशातल्या दर्शना स्टेशनात, दोन्हीकडे सामान घेऊन उतरवायचे, निम्मा दिवस त्यातच. नोव्हेंबर २०१७ पासून ते सगळं कोलकाता आणि ढाका स्टेशनातच व्हायला लागलं, मग मस्त होती. जुलै २०२४ ला बंद पडली. जुनी वर्णनं वाचून बेत आखू नका.

धागाकर्तीच्या बाबांसाठी एक. रेल्वेवाले आहेत ना? लोकमान्य टिळक टर्मिनसहून पवन एक्सप्रेस थेट बिहारमधल्या हद्दीजवळच्या जयनगरला जाते. तिथून नेपाळची रेल्वे जनकपूरला. पूर्वी छोटी लाईन होती, २०१४ ला बंद झाली, मग ब्रॉडगेज करून एप्रिल २०२२ ला परत सुरू केली. फक्त भारतीय आणि नेपाळी लोकांनाच बसता येतं. जानकी मंदिर बघून जनकपूरहून विमानाने काठमांडू.

धागाकर्ती
बाबांना वाचून दाखवलं, ते उठून नकाशा शोधायला गेलेत. आई म्हणते, "कोण आहे हा पद्मापार, त्याला म्हणावं तूच घेऊन जा यांना."

धागाकर्ती (मे महिन्यात)
आलो मंडळी परत. उशीर झाला लिहायला.

शेवटी असं केलं. पुणे-गोरखपूर रेल्वे, तिथे एक रात्र हॉटेलात झोपलो, हा खर्च बाबांना पटत नव्हता पण त्यानेच तारलं. सकाळी टॅक्सी सोनौलीपर्यंत. कमानीपाशी बाबांना आणि दोन बॅगांना सायकलरिक्षात बसवलं, आम्ही मागून चालत. ट्रक दोन्हीकडून खेटून उभे, मधल्या फटीतून रिक्षावाला घंटी वाजवत चाललाय, आणि बाबा एका हाताने बॅग धरून दुसऱ्या हाताने घड्याळ काढायच्या खटपटीत, कारण पंधरा मिनिटं पुढे करायचं तर ते हद्दीवरच करायचं, हॉटेलात जाऊन नाही. कोल्लापुरी म्हणाले तसंच, कार्ड कोणी मागितलं नाही.

पलीकडे रात्रीची बस काय, दिवसाचीही घेतली नाही. भैरहवाचा विमानतळ हद्दीपासून जवळच आहे, तिथून काठमांडू पाऊण तासाच्या आत. भारतीयांसाठी भाडं वेगळं आणि आपल्या रुपयांत असतं, एजंटला आधी सांगा की भारतीय आहोत. आईला हिमालय उजवीकडच्यांना दिसतोय की डावीकडच्यांना हे उतरेपर्यंत कळलं नाही, ती डोळे मिटून होती. हो, विमानाचा हट्ट तिचाच होता. परतीला काठमांडूहून दिल्ली आणि दिल्लीहून पुणे, या अटीवरच ती रेल्वेने यायला तयार झाली होती.

जनकपूर राहिलं. बाबा पुढच्या वर्षीचं बोलतात, आई ऐकू न आल्यासारखं करते.

आणि काठमांडूहून परत येताना काउंटरवरची मुलगी बाबांचं आधार घेईना, पासपोर्ट नाहीतर मतदार कार्डच द्या म्हणाली. वय ७६ आहे, आधार चालतं, सांगून पाहिलं, नाही. कोल्लापुरींनी लिहिलं होतं म्हणून मतदार कार्ड सोबत घेतलेलं, पहिल्यांदा निघालेली ती कार्डं असतात ना, त्यातलं. तिने फोटोतल्या काळ्याभोर मिशा बघितल्या, बाबांकडे बघितलं, परत फोटो बघितला. बाबांनी चष्मा काढला. मग दिला बोर्डिंग पास.