मजेर्तीन सल्तनत ‘बुडाली’ की ‘खालसा झाली’?

प्रश्न : सोमालियाच्या ईशान्य टोकावरच्या मजेर्तीन सल्तनतीविषयी लिहितो आहे. ती 1927 मध्ये संपली. ‘राजघराण्याचा अस्त झाला’ असं लिहिलं, पण मन मानत नाही. राजा उस्मान महमूदचा मुलगा हर्सी इथिओपियात निघून गेला. म्हणजे घराणं होतंच. मग शब्द कोणता?

उत्तर : ‘अस्त’ नकोच. सूर्य आपला आपण मावळतो, हे राज्य इटलीने घेतलं. ‘घराणं बुडालं’ म्हटलं की वंशाला कोणी उरलं नाही असं वाटतं. ‘राज्य बुडालं’ मात्र बरोबर. पेशवाई 1818 मध्ये बुडाली, बाजीराव त्यानंतर 1851 पर्यंत ब्रह्मावर्तात हयात होता.

उत्तर : माझं मत ‘खालसा’ला. उस्मान महमूदने 1889 मध्ये इटलीचं संरक्षण पत्करलं, कारभार स्वतःकडे ठेवून. शेजारच्या होब्योच्या यूसुफ अली केनादीदने आदल्याच वर्षी तसा करार केला होता. 1923 मध्ये फॅसिस्ट गव्हर्नर दे वेक्की आला आणि त्याने दोन्ही राज्यं सरकारच्या थेट ताब्यात घ्यायचं ठरवलं. मांडलिक संस्थान असं घेणं म्हणजेच खालसा करणं.

प्रश्नकर्ता : पण ‘खालसा’ म्हटलं की मला साताऱ्याचं 1848 साल दिसतं. वारस नामंजूर, हुकूम निघाला, संपलं. इथे होब्यो 1925 मध्ये पडलं तरी मजेर्तीन आणखी दोन वर्षं लढले. त्यांचं लढणं त्या शब्दात कुठेच येत नाही, आणि ते मला गाळायचं नाही.

उत्तर : मग दोन वाक्यं करा. होब्यो ‘खालसा झालं’, मजेर्तीनचा ‘पाडाव झाला’. फक्त खुद्द उस्मानबद्दल ‘पाडाव झाला’ लिहू नका. बखरींत पाडाव होणं म्हणजे शत्रूच्या हाती जिवंत सापडणं. तो 1927 च्या अखेरीस शरण आला, मग त्याला मोगादिशूला नेलं.

आणखी एक. मजेर्तीन हे कुळाचंही नाव, आणि सोमालीत कुळाला ‘कबील’ म्हणतात. आपल्या ‘कुटुंबकबिल्या’तला तोच अरबी शब्द, पण मराठीत तो बायकामुलांपुरता उरला. ‘कबिला बुडाला’ लिहाल तर वाचकाला होडी उलटल्यासारखं वाटेल. ‘कूळ’च लिहा. ‘बोकोर’ ही उस्मानची पदवी मात्र तशीच ठेवा. सोमालीत कमरपट्ट्यालाही हाच शब्द आहे : कुळाच्या शाखा एकत्र बांधून ठेवणारा तो बोकोर. ‘राजा’ म्हटल्यावर ते बांधणं हरवतं.