कंपायलरमध्ये वाइड कॅरेक्टर स्ट्रिंग कशी हाताळावी?

प्रश्न:
मी सी भाषेच्या उपसंचासाठी कंपायलर लिहीत आहे. साध्या स्ट्रिंग व्यवस्थित चालतात. मात्र वाइड स्ट्रिंगसाठी (जिच्या अक्षरांना जास्त रुंद जागा लागते) अवतरणचिन्हाआधी 'एल' उपसर्ग आला की लेक्सर (मजकुराचे सुटे घटक पाडणारा भाग) त्याला स्वतंत्र आयडेंटिफायर (चल, फंक्शन इत्यादींचे नाव) समजतो. शिवाय प्रत्येक अक्षरासाठी किती बाइट राखावेत?

प्रतिसाद १:
'एल'ला लागूनच अवतरणचिन्ह असेल, तरच तो उपसर्ग मानावा. मध्ये मोकळी जागा असल्यास तो आयडेंटिफायरच असतो. रुंदी लक्ष्य-प्रणालीवर (ज्या प्रणालीसाठी कोड तयार होतो तिच्यावर) अवलंबून असते, म्हणजे विंडोजवर १६ बिट आणि लिनक्सवर सहसा ३२ बिट. म्हणून कंपायलर ज्या यंत्रावर चालतो त्याचा वाइड प्रकार आतल्या साठवणीसाठी वापरू नये, तर यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) मजकूर उलगडून ३२ बिटी कोडपॉइंट (अक्षराचे युनिकोड क्रमांक) ठेवावेत आणि कोडनिर्मितीच्या वेळी त्यांचे रूपांतर करावे.

प्रतिसाद २:
कोडनिर्मितीपर्यंत थांबणे मला पटत नाही. १६ बिटी लक्ष्यावर ६५५३५ च्या पुढील कोडपॉइंटची सरोगेट जोडी (एका अक्षरासाठी दोन १६ बिटी एकके) होते, त्यामुळे ॲरेची लांबी बदलते, आणि ती 'साइझऑफ'साठी (आकार बाइटमध्ये सांगणारी क्रिया) प्रकारतपासणीतच लागते. हेक्स एस्केपने (स्ट्रिंगमध्ये '\x' नंतर षोडशमान अंकांत लिहिलेली किंमत) दिलेली किंमत मात्र कोडपॉइंट नसून थेट कोडएकक (साठवणीचे एक एकक) असते. तिचे पुन्हा एन्कोडिंग करू नये. शेवटचे शून्यही पूर्ण रुंदीचे हवे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. शेजारच्या दोन स्ट्रिंगपैकी एकच वाइड असेल तर?

प्रतिसाद २:
सी९९ (सी भाषेचे १९९९ चे मानक) पासून जोडलेली संपूर्ण स्ट्रिंग वाइड ठरते. त्याआधीच्या मानकात हे वर्तन अपरिभाषित (मानकाने न ठरवलेले) होते. एस्केप जोडणीपूर्वीच ओळखावेत, अन्यथा पहिल्या स्ट्रिंगच्या अखेरचा हेक्स एस्केप दुसरीतील अंकही गिळतो.