मदत हवी आहे : ५८,८२,३५३ या संख्येत हे कसं काय घडतं?

नमस्कार मंडळी. मी परभणीच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम आहे. गणित बारावीला सुटलं, पण आकड्यांशी रोजचीच गाठ. लेक आठवीला आहे, शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. परवा रात्री तिनं दहा कोटींना १७ नं भागलं. भाग ५८,८२,३५२ आला, बाकी १६. म्हणजे अजून एक असता तर बरोबर भाग गेला असता :

१७ × ५८,८२,३५३ = १०,००,००,००१

देवळालीच्या कापरेकर गुरुजींचं शाळेत ऐकल्यापासून ती दिसेल ती संख्या मधून तोडते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ पुन्हा ४५, तसलं. हिचेही तिनं ५८८ आणि २३५३ असे दोन तुकडे केले, दोघांचे वर्ग करून मिळवले :

३,४५,७४४ + ५५,३६,६०९ = ५८,८२,३५३

"पप्पा, तीच आली की!" म्हणत तिनं मला झोपेतून उठवलं. सकाळी दुकानात गेल्या गेल्या कॅल्क्युलेटरवर परत मारून पाहिलं. बरोबर आहे.

हा योगायोग आहे का याला काही कारण आहे? आठवीच्या पोरीला कळेल असं सांगा. दुसरं, ही मूळ संख्या आहे का? वर्गमूळ २४२५ च्या थोडं वर जातं. तिथवरच्या साडेतीनशेवर मूळ संख्यांनी भागत बसायचं का? १०१ पर्यंत आलोत, एकीनंही भाग गेला नाही.

प्रतिसाद

दादा, योगायोग नाही. १०,००० ला १७ नं भागा : भाग ५८८, बाकी ४. आणि ४ चा वर्ग अधिक १ म्हणजे १७. सगळं इथूनच निघतं.

५८८ × १७ = १०,००० − ४
२३५३ × १७ = ४०,००० + १

लेकीला उजव्या बाजूंचे वर्ग विस्तार सूत्रानं करून मिळवायला सांगा. पहिल्यात ८०,००० वजा, दुसऱ्यात ८०,००० अधिक, ते उडतात. उरतं १७ × १०,००,००,००१. डावीकडच्या वर्गांत १७ × १७ आहे, त्यानं भागलं की तुमची संख्या.

आणि हो, ती मूळच आहे. १०,००,००,००१ ला भाग जाणाऱ्या कोणत्याही मूळ संख्येला १६ नं भागलं तर बाकी १ उरते. म्हणून १७, ९७, ११३, १९३ अशा चाळीसेकच तपासायच्या.

धागाकर्ता

सर, मनापासून आभार. ८०,००० उडाले तेव्हा पोरगी टाळ्या वाजवत उठली. आता तिनं ५८८ च्या जागी १०,००० − ५८८, म्हणजे ९४१२ घेतलं. ९४१२ आणि २३५३ च्या वर्गांची बेरीज ९,४१,२२,३५३ आली. पुन्हा तेच! याचं कारण तीच शोधणार म्हणते, आज कुणी सांगू नका.