चार घोड्यांना एकच जीन: नागपूरच्या क्लबांनी हे आता थांबवावं

रिकीब (धागाकर्ता)

नागपुरात हिवाळा लागला की घोडेस्वारी शिकायची हौस उसळून येते. पालक चौकशीला येतात तेव्हा फी विचारतात, हेल्मेट क्लबचं की आपलं ते विचारतात, फोटो काढू देता का तेही विचारतात. घोड्याच्या पाठीवर काय कसलंय हे विचारणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक घोड्याची जीन, म्हणजे खोगीर, ठरलेली असावी, ती त्याच्या पाठीला बसते का हे कोणीतरी तपासलेलं असावं आणि तिच्यावर त्या घोड्याचं नाव असावं. सध्या मी जिथे शिकतो तिथे खोलीत शिरायचं, हाताला लागेल ती जीन उचलायची, असा कारभार आहे. जिथे जीना बनतात त्या कानपूरहून आलेली मध्यम मापाची तीच जीन सकाळी रेसकोर्सवरून निवृत्त झालेल्या उंच, अरुंद खांद्याच्या थरोब्रेड जातीच्या घोड्यावर आणि तासाभराने पोत्यासारख्या गोल तट्टावर.

जीनच्या आत लाकडाचा नाहीतर फायबरचा सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. कातडं नरम असलं तरी हा सांगाडा नरम नसतो. तो अरुंद पडला तर मानेमागच्या उंचवट्याच्या, म्हणजे विदर्सच्या दोन्ही बाजूंना त्याची टोकं रुततात. रुंद पडला तर जीन पुढून खाली बसते आणि कमान थेट हाडावर टेकते. दोन्हींवर क्लबचा इलाज एकच: जीनखाली अजून एक नमदा, म्हणजे लोकरीची जाड घडी, टाका! रुंद जीनखाली तो थोडेफार दिवस चालून जाईल. अरुंद जीनखाली जाड नमदा म्हणजे आधीच चावणाऱ्या बुटात दुसरा मोजा.

मी ज्या घोडीवर शिकतो ती तांबडी, काळ्या आयाळीची. विदर्सच्या दोन्ही अंगांना रुपयाच्या नाण्याएवढे पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत, अगदी समोरासमोर. मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, म्हणाला, शुभ असतात. शुभ कसले? दाब पडून केसांची मुळं दुखावली की तिथे पुढे पांढरे केस येतात. परवा जीन उतरवल्यावर सगळी पाठ घामाने निथळत होती आणि नेमके त्याच ठिपक्यांभोवती दोन कोरडे पट्टे. तिथे दाब इतका की घामही फुटला नाही.

हे नुसतं भूतदयेचं प्रकरण नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, त्याखाली ओझी वाहणाऱ्या आणि गाड्या ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. जीनची कमान आणि विदर्स यांच्यात पुरेशी मोकळी जागा न ठेवता घोड्यावर जीन कसू नये, असं त्यांत चक्क लिहिलंय. साठ वर्षांपूर्वी जे कळत होतं ते आपल्याला कळू नये?

---

तबेलेवाला

असहमत. लिहायले काय जाते भाऊ, कीबोर्ड आपलाच असते.

मी क्लब चालवतो. कोणता ते सांगत नाही, नाहीतर उद्या इथंच माझी वरात निघन. मले एक सांगा, जीन काय फक्त घोड्याले बसवायची असते? वर बसणारा माणूस नाही का? बारा वर्षांच्या पोट्ट्याची सीट आणि पंचेचाळीस वर्षांच्या, पोट सुटलेल्या इंजिनियर साहेबाची सीट एक असते का? छोट्या सीटवर मोठा माणूस बसला की तो मागच्या काठावर जाऊन टेकते, सारं वजन घोड्याच्या कमरेवर. म्हणजे घोडा गुणिले माणूस असा हिशेब करा. किती जीना घेऊ?

दुसरं. पावसाळ्यात रिंगणात चिखल, घोडे दोन महिने उभे. पोट सुटते, पाठ भरते. डिसेंबरपर्यंत कामाला लागले की अंग बदलते. जुलैमध्ये माप घेतलेली जीन जानेवारीत सैल. मग दर मोसमाले नवी शिवू?

आणि घोड्याचा खरा छळ पाठीवर नाही, तोंडात होते. लगाम धरून लोंबकळणारे तुमच्यासारखेच शिकाऊ. त्याच्यावर धागा काढा न एखादा.

---

रिकीब

तबेलेवाले भाऊ, तोंडावरही काढू, पण तोंड दुखतं म्हणून पाठ सोलायला परवानगी मिळत नाही.

सीटचा मुद्दा मान्य. पण सीट माणसाची आणि ट्री घोड्याचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच रुंदीच्या ट्रीवर लहान सीटही मिळते, मोठीही. आठ घोडे असतील तर पाठींचे आठ प्रकार निघत नाहीत. तीन निघतील. आज तुमच्याकडे किती प्रकार आहेत? एकच असणार.

अंग बदलतं हे तर तपासणीच्या बाजूचं बोलणं झालं. बदलतं म्हणूनच वर्षातून एकदोनदा बघायचं. जीनच्या खालच्या बाजूला लोकर भरलेल्या गाद्या असतील तर भरण काढता-घालता येतं, पुढची लोखंडी पट्टी बदलून रुंदी कमीजास्त होते अशा सिंथेटिक जीनाही मिळतात. दर मोसमाला नवी शिवा असं मी कुठे म्हणालो?

---

कामठीकर

दोघांचंही थोडं बरोबर, थोडं पुस्तकी.

मी लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये नोकरी केली, घोड्यांत कमी आणि खेचरांत जास्त. आमच्याकडे जनावरागणिक वेगळी शिवलेली जीन नव्हती. जीन लष्करी नमुन्याची, खाली घडी घातलेली घोंगडी. जनावर वाळलं तर घडी वाढवायची, भरलं तर कमी करायची. धागाकर्त्यांना नमद्याचा एवढा राग का, मला कळलं नाही. घडी घालायची अक्कल हवी. घोंगडी टाकल्यावर पुढून मुठीने वर कमानीत ओढून घ्यायची, म्हणजे विदर्सवर ताणली जात नाही. क्लबात ही एवढी गोष्ट करताना मी कोणाला पाहिलं नाही. नमदा सपाट ताणून, वर जीन आदळून, पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळून मोकळे!

आणि संध्याकाळी प्रत्येक पाठीवरून हात फिरवायचा. बोटांनी. डोळ्याला सूज दिसायच्या आधी तळव्याला गरम लागतं. काम संपल्यावर जीन लगेच ओढून काढायची नाही. तंग दोन भोकं सैल करून थोडा वेळ तशीच ठेवायची, दबलेल्या जागी रक्त हळूहळू परत येऊ द्यायचं. मग मालिश. जनावराची पाठ सोलली की आधी जीनची नाही, आमची चौकशी व्हायची.

प्रश्न मोतद्दाराचा आहे. त्याला तुम्ही पगार किती देता, ते आधी लिहा.

---

रिकीब

कामठीकर काका, घडीची गोष्ट पटली, आणि ती रुंद जीनलाच लागू पडते असं मी वर म्हटलंच आहे. पण तुमच्या फौजेत सॅडलर होता, जीन दुरुस्त करणं हेच ज्याचं काम. नागपुरात बॅगवाल्याकडे नेऊन तंगाचे पट्टे शिवून आणतात.

---

तर्रीबाज

सगळे क्लबवाल्यांच्याच मागे का लागलेत? लग्नसराईत इतवारीतून जाऊन पाहा. घोडीवर झालरीची जड जीन, तिच्यावर शेरवानीतला नवरदेव, त्याच्या पुढ्यात भाचा, शेजारी डीजे, आणि दीड तास जागेवर उभी. विदर्सचं काय घेऊन बसलात, त्या घोडीचे कान शाबूत आहेत का ते बघा आधी.

---

खुरांची_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. इथल्याच, सेमिनरी हिल्सच्या कॉलेजची. घोडे माझ्या रोजच्या कामात आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रिकीब, तुमची निरीक्षणं चांगली आहेत. पण सगळं जीनच्या माथी मारू नका. उदाहरण देते. जीन सारखी एका बाजूला सरकते, ही तक्रार घेऊन लोक येतात आणि म्हणतात, जीन वाकडी आहे. अनेकदा मागच्या पायात बारीक लंगडेपणा असतो, डोळ्याला सहज न दिसणारा. त्यामुळे पाठ एका बाजूला कमी हलते आणि जीन सरकत जाते. पायावर उपचार केले की तीच जीन जागेवर राहते. अशा घोड्याला तुम्ही नवी जीन घ्याल, म्हणजे नुसतं दुखणं झाकाल.

उलटही होतं. तंग आवळताना चावते, बसल्याबरोबर पाठ खाली टाकते, दुडकीवर गेली की शेपटी फटकारते, अशा घोडीला लोक ‘नखरेल’ म्हणतात. ब्रिटनमधल्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वारीखालच्या घोड्याच्या २४ वागण्यांची यादी केली आहे: कान बराच वेळ मागे, तोंड पुन्हा पुन्हा उघडणं, शेपटी वाकडी धरणं वगैरे. त्यातली ८ किंवा जास्त दिसली तर हाडास्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. यादी वाचल्यावर ‘नखरेल’ म्हणायला जीभ रेटत नाही.

क्लबात फारसा खर्च न करता करता येईल असं काही सांगते. सीताबर्डीत ड्रॉइंगचं सामान विकतात तिथे वाकवून आकार धरणारी पट्टी मिळते, फ्लेक्झिबल कर्व्ह. घोडा सपाट जमिनीवर उभा करा. खांद्याच्या फऱ्याच्या मागे दोन बोटं सोडून ती पट्टी विदर्सवरून आडवी दाबून बसवा, अलगद उचला, पुठ्ठ्यावर आकार काढा, कापा. मग तो पुठ्ठा प्रत्येक जीनच्या पोटात पुढून लावून बघा. कुठली अरुंद, कुठली रुंद, हे मोतद्दारालाही लगेच दिसतं. वेगळं सांगावं लागत नाही. पुठ्ठ्यावर तारीख टाका. तबेलेवाले, पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा काढलात तर तुमचा ‘अंग बदलते’वाला मुद्दा कागदावर दिसेल.

जीन ठेवतानाही चूक होते. ती फऱ्यावर चढवतात. घोडा पुढचा पाय टाकतो तेव्हा फऱ्याचं वरचं टोक मागे सरकतं आणि दर पावलाला जीनवर आपटतं. मागची हद्द शेवटची बरगडी. तिच्यापलीकडे कमरेला खालून बरगड्यांचा आधार नाही. आणि रिकीब, विदर्सवर दोन-तीन बोटं जागा आहे का हे स्वार बसल्यावर बघायचं. रिकाम्या जीनखाली सगळ्यांची बोटं जातात.

खालून रिकिबीत पाय देऊन लोंबकळत चढणं बंद करा. दर वेळी सगळी जीन विदर्सवर पिळली जाते. लाकडी ठोकळा ठेवा, विटांचा ओटा बांधा, काहीही.

तर्रीबाज, जागेवर उभं राहून वजन पेलणं सोपं असतं असं लोकांना वाटतं, पण तसं नसतं. तुमचं बरोबर आहे.

---

मुकी_जनावरं

इतकी चर्चा वाचली. दोन बोटं की तीन, नमदा की घोंगडी. एकालाही असं वाटलं नाही का की मुळात बसूच नये? मुंबईत २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया, म्हणजे हौशी फेरीच्या घोडागाड्या, बेकायदा ठरवल्या, मुंबई काही थांबली नाही. मापात बसणारी जीन ही घोड्याची सोय नाही, ती तुमच्या मनाची सोय आहे.

---

तबेलेवाला

हाव ताई. आणि बंद केल्यावर घोडे कुठं ठेवता, तुमच्या फ्लॅटमध्ये? घोडा रोज चारा खाते, तुमची पोस्ट नाही खात. माझ्याकडं तीन घोडे असे आहेत की रेसमधून काढल्यावर त्याईले कोणी विचारत नव्हतं. स्वारीच्या फीवर जगून राह्यले ते.

---

मुकी_जनावरं

फीवर तुम्हीही जगताय. घोड्यांच्या नावावर बिल फाडू नका.

---

खुरांची_डॉक्टर

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे शेवटचं उत्तर नाही. पण उद्या सकाळी सहाला ती घोडी रिंगणात उतरणारच आहे, तोवर तिच्या पाठीचं काय ते बोलू.

आणि ज्यावर इथे कोणीच बोललं नाही ते मी बोलते. वजन. देशी घोडी साधारण ३५० किलोची धरा. स्वार आणि जीन मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्के, ही जुनी मर्यादा आहे. म्हणजे ७० किलो, त्यात आठ-दहा किलो जीनचे. २००८ मध्ये अमेरिकेत ओहायोत झालेल्या अभ्यासात १५ ते ३० टक्के वजनं लादून पाहिली, २५ आणि ३० टक्क्यांना हृदयाचे ठोके आणि स्नायूंचं दुखणं स्पष्ट वाढलं. जीन कितीही मापाची असू द्या, तिच्यावर ९५ किलोचा माणूस बसवला की माप गेलं.

ऊन हा दुसरा भाग. त्याच १९६५ च्या नियमांत ३७ अंशांच्या वर तापमान असेल तिथे दुपारी १२ ते ३ ओझ्याला जनावर जुंपायला मनाई आहे. नागपुरात मार्च सरता सरताच पारा त्यापुढे जातो. घाम, धूळ आणि न धुतलेला तंग मिळून कोपराच्या मागे जी जखम होते ती मी एप्रिल-मेमध्ये सर्वांत जास्त बघते. तंग रोज धुवा. एवढ्याला कानपूरला जावं लागत नाही.

---

कामठीकर

वजनाचं डॉक्टरबाई बोलल्या ते खरं. आमच्याकडे खेचरावर किती लादायचं ते ठरलेलं असायचं, किलोला किलो. क्लबात माणूस तोलत नाहीत, त्याला राग येतो म्हणून. खेचराला विचारून कोणी लादत नव्हतं, हेही खरं.

---

तबेलेवाला

डॉक्टर मॅडम, पट्टीवालं काम करतो. पुठ्ठे घरीच पडले आहेत, पट्टी आणतो. ठोकळा तर सुतार दोन दिवसांत करून देईल. तंग धुतोच आम्ही, रोज नाही, पण धुतो.

जीना अजून दोन घेईन, उन्हाळी शिबिराची फी आल्यावर. नाव लिहिणार नाही जीनवर, नंबर टाकीन. घोडे विकले-घेतले जातात.

वजनकाटा मात्र नाही ठेवणार. गेटवर काटा पाहिला की लोक गाडी वळवतात. मागं एकदा एका साहेबाले नुसतं विचारलं, तर बायकोसमोर अपमान केला म्हणून पूर्ण महिन्याची फी परत मागतली त्यानं.

---

रिकीब

काटा नका ठेवू. प्रवेशाच्या फॉर्मवर वजनाचा रकाना टाका, रक्तगटाच्या खाली. तिथे कोणाला राग येत नाही. आणि जीन धरून ७० किलोच्या वर जाणारा आला तर कोणता घोडा देणार, ते आधी ठरवा.

---

तबेलेवाला

मोठ्या हाडाचा एकच आहे माझ्याकडे, आणि शनिवार-रविवारी सारे साहेबच येतात. एका घोड्यावर किती चढवू? काढा आता यावर नवा धागा.

---

खुरांची_डॉक्टर

दिवसाला दोन फेऱ्या, मध्ये विश्रांती. तिसऱ्या साहेबाला खरारा करायला, म्हणजे घोड्याचं अंग घासायला लावा. फी तीच घ्या.