फक्त कामाचे मेसेज

रविवार, 4 जुलै 2021

सेक्रेटरी काका: सर्वांना नमस्कार. उद्या सोमवारपासून शुक्रवार 9 तारखेपर्यंत आपल्या कोल्हापूर शहरातली कोरोनामुळे बंद असलेली सगळी दुकानं उघडायला परवानगी मिळाली आहे. प्रायोगिक तत्त्वावर. आपल्या पोवारांचं अभिनंदन. खरेदीला जाणाऱ्यांनी मास्क लावावा, परत आल्यावर पार्किंगच्या नळावर हात धुवावेत. तिथे साबण ठेवला आहे. तो कृपया घरी नेऊ नये.

शिंदे वहिनी: पोवार भावजी, पेढे!

पोवार (बी-203): पेढे कसले वहिनी. पाच दिवस सोडालेत, पुढचं बघून ठरवणार म्हणे. 5 एप्रिलला शटर ओढलंय, उद्या 5 जुलै. पाडव्यासाठी भरलेला माल तसाच आहे. लग्नसराई गेली. अक्षय तृतीया आणि रमजान ईद यंदा एकाच दिवशी आल्या, 14 मेला. महाद्वार रोडला धंद्याचा असा दिवस शोधून मिळत नसतो, आणि आम्ही घरात बसून कॅरम खेळालोय. शाळा नाहीत म्हणून गणवेशाचे गठ्ठे सोडलेलेच नाहीत. वरच्या फळीवर ओल आलीया. आणि आता आषाढ तोंडावर, त्यात कोण कपडे घ्यायला येतंय सांगा.

देसाईंचा धाकटा: काका नाद खुळा, मी येतो की उद्या. एक जीन्स काढून ठेवा

पोवार (बी-203): लहान मुलांचं दुकान आहे रे भावा. वय वर्षे 12 पर्यंत.

देसाईंचा धाकटा: 🙏

जाधव (सी-101): राग दुकानदारांनाच आहे असं समजू नका. माझी रिक्षा. परवाना आहे म्हणून 1500 रुपये मिळाले, एकदाच. हप्ता दर महिन्याला आहे.

सुतार सर: थोडं नीट मांडतो, कारण सकाळपासून ग्रुपवर उलटसुलट फिरत आहे. राज्य सरकारने 4 जूनच्या आदेशाने जिल्ह्यांचे पाच स्तर केले. दोन गोष्टी बघायच्या: शंभर टेस्टमागे पॉझिटिव्ह किती, आणि ऑक्सिजनचे बेड किती भरलेत. 10 ते 20 टक्के म्हणजे चौथा स्तर. आपण तिथेच अडकलो. चौथ्यात फक्त अत्यावश्यक दुकानं, तीही 4 वाजेपर्यंत. 10 च्या खाली उतरलो की तिसरा, मग बाकीची दुकानंही सोमवार ते शुक्रवार 4 पर्यंत. आता मेख अशी की मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा मोठ्या महापालिका स्वतंत्र धरल्या, कोल्हापूर शहर मात्र जिल्ह्यात घातलं. त्यात 25 जूनला नवा आदेश आला, टक्केवारी फक्त आरटीपीसीआरवर काढायची, अँटिजेन मोजायची नाही. म्हणजे पेपर चालू असताना गुण द्यायची पद्धत बदलली. मी 34 वर्षं शिकवलं, असं केलं असतं तर पालकांनी मला खोलीत कोंडलं असतं.

पोवार (बी-203): तेच म्हणालोय सर. बारा तालुके. शंभर किलोमीटरवर चंदगडला आकडा वाढला की महाद्वारला माझं शटर खाली. का? माझ्याकडं चंदगडचं गिऱ्हाईक येत नाही.

माने सिस्टर: गिऱ्हाईक येत नसेल, पेशंट येतो. मे महिन्यात माझ्या वॉर्डात शहरातले निम्मे पण नव्हते. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी. तिथं श्वास लागला की गाडी इकडंच वळते. बेड शहरातला भरतो, मग शहर वेगळं कसं धरायचं? भाऊ, तुमचं नुकसान मला कळतं. पण जिल्हा एक धरला त्यात काहीच अक्कल नव्हती असं मी म्हणणार नाही.

पोवार (बी-203): ताई तुमच्यापुढं बोलायची आमची लायकी नाही. पण मग एकच सांगा, 2 मेला गोकुळ दूध संघाचं मतदान झालंच कसं? तेव्हा कोरोना सुट्टीवर होता? निवडणूक झाली, 4 तारखेला गुलाल उधळून झाला, आणि 15 च्या मध्यरात्रीपासून आम्हाला कडक लॉकडाऊन. दूध आणि औषध सोडून सगळं बंद. भाजीसुद्धा नाही.

शिंदे वहिनी: हे मात्र खरं. त्या आठवड्यात आमच्यात दोन वेळ पिठलं होतं.

देसाईंचा धाकटा: पाटील काका ठरावधारक आहेत ना, म्हणजे गोकुळचे मतदार 👀

पाटील काका: आहे. मत टाकलं. लपवायचं काय त्यात? सुप्रीम कोर्टानं थांबवली नाही, आम्ही कोण थांबवणार. मास्क होता, हातमोजे होते, अंतर ठेवून रांग होती.

पोवार (बी-203): काका, अंतर ठेवून रांग माझ्या दुकानात पण लागती की.

जाधव (सी-101): 😂

सेक्रेटरी काका: राजकारण नको. ग्रुपच्या नावातच आहे, फक्त कामाचे मेसेज. बाकी एवढं खरं की सरकारला काही धोरणच नाही. आज एक, उद्या एक. चार मंडळी एका खोलीत बसून ठरवतात, आणि ज्याला भोगायचंय त्याला विचारत नाहीत.

माने सिस्टर: काका, एक विचारू? रागावू नका. गेल्या वर्षी मी ड्युटीवरून यायचो तेव्हा लिफ्टवर चिठ्ठी लावलेली. "आरोग्य कर्मचाऱ्यांनी जिना वापरावा." चौथा मजला. बारा तास किट घालून आल्यावर. ती चिठ्ठी कुठल्या सरकारची होती?

(दहा मिनिटं कुणाचाच मेसेज नाही.)

सेक्रेटरी काका: हा संदेश हटवला गेला

सेक्रेटरी काका: सिस्टर, त्या वेळी कुणालाच काही माहीत नव्हतं. सगळे घाबरलेले. कमिटीनं घाईत निर्णय घेतला.

माने सिस्टर: सरकारला तरी कुठं माहीत होतं काका.

शिंदे वहिनी: आता विषय निघालाच आहे तर घरकामाच्या मावशींचंही बोलू. जून 2020 पासून सरकार हळूहळू दारं उघडत होतं. आपण मावशींना दिवाळीपर्यंत गेटच्या आत घेतलं नाही. माझ्याकडच्या मावशी गेटपाशी येऊन वॉचमनला विचारून परत जायच्या, मी वरून गॅलरीतून बघायची. पगार कुणी किती दिला हे विचारत नाही. मी पण दोनच महिने दिला.

सुतार सर: आम्ही तीन. सौ. म्हणतात अडीच.

पाटील काका: मग मीही बोलतो. एप्रिलमध्ये सोसायटीत पेशंट किती होते?

सेक्रेटरी काका: पाच. नोंद आहे.

पाटील काका: सहा. सहावा मी. पाचाच्या वर गेले की सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र, गेटवर बोर्ड, बोर्ड नाही लावला तर 10 हजार दंड. म्हणून ठरलं की माझा ताप उन्हाचा. चौदा दिवस दार लावून बसलो. पोवारांच्या वहिनी दारात डबा ठेवून बेल मारून पळायच्या, त्यांनाही सांगितलं होतं की ऊन लागलंय. मतदानाला गेलो तेव्हा पूर्ण बरा होतो, हे आधीच सांगतो.

पोवार (बी-203): काका!! आमच्या हिनं चौदा दिवस तुम्हाला कैरीचं पन्हं पाठवलं की हो

पाटील काका: पन्ह्यानंच बरा झालो असणार.

सुतार सर: म्हणजे जिल्ह्याच्या आकड्यात आपणही एक खाल्ला.

सेक्रेटरी काका: तो निर्णय माझा एकट्याचा नव्हता. पण हो, मी म्हणालो होतो.

माने सिस्टर: जाऊ दे काका. पोवार भाऊ, कामाचं सांगतो. दुकान उघडायच्या आधी तुमची आणि दोन्ही पोरांची टेस्ट करून घ्या.

पोवार (बी-203): करून घेतो असतो ताई. पण पॉझिटिव्ह आलो तर शहराचा टक्का वाढणार, आणि शुक्रवारी परत बंद. गल्लीतले सगळे हेच म्हणालेत. टेस्टच नको.

सुतार सर: उलटं आहे पोवार. टक्का म्हणजे भागाकार. फक्त तापानं फणफणलेल्यांची टेस्ट केली तर शंभरात पंधरा निघतील. धडधाकट हजार दुकानदार रांगेत उभे राहिले तर खालची संख्या फुगते, टक्का उतरतो. टेस्ट टाळून तुम्ही स्वतःच स्वतःला चौथ्या स्तरात ठेवता आहात.

पोवार (बी-203): हे असं कुणी सांगितलंच नाही की आम्हाला. नुसतं दंड दंड.

माने सिस्टर: सकाळी 9 ला खाली या, मी ड्युटीला निघतो तेव्हा तिघांना सोबत नेतो.

पोवार (बी-203): येतो. आणि कुणाकडं ग्रीस आहे का? आत्ता दुकानाकडं जाऊन आलो. तीन महिन्यांत शटर गंजलंय, निम्म्यावर येऊन अडकतंय.

देसाईंचा धाकटा: काका आज रविवार, विकेंडचा कर्फ्यू आहे. बाहेर कसे गेला?

पोवार (बी-203): दूध आणायला.

पाटील काका: गाडीचं ग्रीस आहे माझ्याकडं. डबा शोधतो, थांबा खाली. दोघं मिळून जाऊ, एकट्यानं उचलायचं नाही ते.