शिमगा ते आंबे: कुत्रेवाल्यांनो, अनुभव लिहा

थंडी ओसरली की आमच्याकडे पुण्यात गोचिडांचा मोसम सुरू. 'काळजी घ्या' छापाचे लेख ढीगभर आहेत, ते नकोत. तुमच्या घरी या दिवसांत नेमकं काय होतं आणि तुम्ही काय करता, ते लिहा.

सुरुवात मीच करते. आमचा गावठी आहे. फिरून आला की कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवायचा. गोचीड सापडली की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायची, चिरडायची नाही. खरी मेख भिंतीत असते. रक्त पिऊन वाटाण्यासारखी टच्च फुगलेली मादी अंगावरून उतरते आणि फटीत हजारो अंडी घालते. म्हणजे नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, सोफ्यामागची फटही बुजवावी लागते. मागे एकदा पठ्ठ्याने जेवण सोडलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट घसरलेल्या, एर्लिकिया (गोचिडांतून रक्तात शिरणारा जंतू) निघाला. जवळजवळ महिनाभर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चाललं.

गोदाकाठ: आम्ही नाशिककडचे. मार्चात द्राक्षांची तोडणी, बांधावर मण्यांचा सडा. आमच्या लॅब्राडोरने त्यावर ताव मारला आणि रात्री उलट्या. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं, सलाईन लावलं, किडनीचे रिपोर्ट पुन्हापुन्हा काढले. वाचला. किती मणी चालतात याचा हिशेब कुणाकडेच नाही: एखाद्याला काही होत नाही, दुसऱ्याची किडनी थोडक्यातच जाते. बेदाण्यांचंही तेच, त्यामुळे प्रसादाचा शिरासुद्धा बंद.

तिसरा_मजला: धुळवडीनंतर सोसायटीतली कुत्री मीच धुते. आधी कोरड्या फडक्याने रंग झटकायचा, मग कोमट पाणी आणि साधा शाम्पू. रॉकेल लावणारे महाभाग अजून आहेत! अंग चाटून ते सगळं पोटात जातं हो. आणि एक: थंडाईचे ग्लास खाली ठेवू नका. आमच्या इथला एक उभ्याउभ्या डोलत होता, लघवी थेंबथेंब गळत होती. मालक भांगेचं नाव काढेना. डॉक्टरांपुढे कसली लाज?

ऑरेंजसिटी: नागपूर. पग आहे. नाक चपटं, त्यामुळे धाप लवकर लागते. मार्चपासूनच फिरणं पहाटे आणि रात्री. हाताची पाठ डांबरावर टेकवते. मला सोसलं नाही तर तोही नाही.

परदेशी_पाहुणा: न्यू जर्सीत एप्रिल-मेमध्ये हरणांवरच्या गोचिडांची पिल्लं निघतात, खसखशीच्या दाण्याएवढी. काळ्या केसांत दिसतच नाहीत. त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. इथे कुत्र्यांसाठी त्याची लस मिळते, आम्ही दिली आहे. तरी हात फिरवणं चुकत नाही.

कॉलीवाली: गोचिडांवर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सर्रास देतात. कॉली असेल तर आधी डॉक्टरांना जात सांगा. या जातीतल्या बऱ्याच कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो. औषध मेंदूपर्यंत पोचतं, झटके येतात.

देवगडकर: आंब्याची कोय राहिलीच की! आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्रीने अख्खी गिळली. आतड्यात अडकली, पोट उघडावं लागलं. आता आमच्याकडे कोयींची बादली झाकणासकट माळ्यावर.